मूल एकच आहे, मग त्याच्या फायली दोन का?

प्रति,
मुलं कशी वाढतात याचा अभ्यास करणारे सगळे संशोधक,
मुलांच्या मानसिक आजारांवर संशोधन आणि उपचार करणारे सगळे डॉक्टर आणि सायकॉलॉजिस्ट,
आणि या दोघांचा निधी, अभ्यासक्रम आणि परीक्षा ज्यांच्या हातात आहेत त्या समित्या

नमस्कार,

मी डॉक्टर नाही, संशोधकही नाही. एका मुलाची आई आहे आणि गेली काही वर्षं मिळेल तिथून तुमचंच लिखाण वाचत आलेय. हे पत्र उघड लिहितेय कारण यातलं बरंचसं मी संबंधितांना समोरासमोर सांगून बघितलंय, त्यावर एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्याने पहिल्याकडे, "तो आमचा विषय नाही" एवढंच दोन्हीकडून ऐकायला मिळालं. माझ्यासारखे पालक किती आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, म्हणून त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

आधी माझा संबंध काय ते सांगते. माझा मुलगा उशिरा बोलायला लागला. दोन-अडीच वर्षांचा असताना त्याला बालविकास केंद्रात दाखवलं, तिथल्या लोकांनी मनापासून काम केलं, तो किती शब्द बोलतो, बोट दाखवलं तर तिकडे बघतो का, दोन कामं एकदम सांगितली तर कळतात का, खोटं खोटं खेळतो का, सगळं तारखेनिशी लिहून ठेवलं. त्यात एक नोंद होती की बोलणं सुधारतंय पण लांब वाक्यं समजायला त्रास होतोय, पुढे लक्ष ठेवावं. मग वयाची मर्यादा संपली आणि फाइल बंद झाली. शाळेत गेल्यावर तक्रारी सुरू झाल्या, जागेवर बसत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, चिडला की हातातलं फेकतो. आम्ही मनोविकार विभागात गेलो, तिथे नवी फाइल उघडली गेली, प्रश्नावली भरून घेतली, गेल्या सहा महिन्यांतलं वागणं विचारलं आणि एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा या आजाराचं, निदान झालं. मी जुनी फाइल पुढे केली. ती कोणी उघडलीसुद्धा नाही, त्या नोंदींचा इथे उपयोग नसतो असं सांगितलं. बऱ्याच काळाने एका स्पीच थेरपिस्टनी त्याची भाषा नीट तपासली तेव्हा कळलं की बोलतो छान पण लांबलचक सूचना दिली की त्याला त्यातला पहिला तुकडा तेवढा कळतो, बाकीचं निसटतं.

निदान चुकीचं होतं असं माझं म्हणणं नाही. लक्ष टिकवणं त्याला खरंच जड जातं, आणि त्यासाठी मिळालेली मदत उपयोगी पडली. पण तो ऐकत नाही असं सगळे म्हणत होते त्यातला मोठा भाग हा होता की त्याला कळतच नव्हतं, आणि हे कोणीतरी तो अडीच वर्षांचा असतानाच लिहून ठेवलेलं होतं. मधली सगळी वर्षं तो न कळलेल्या सूचना पाळल्या नाहीत म्हणून ओरडा खात राहिला. माझा राग कुठल्या एका माणसावर नाही, दोन्हीकडची माणसं चांगलीच होती. राग या रचनेवर आहे, ज्यात वाढ बघणाऱ्यांना आजार बघायचा नसतो आणि आजार बघणाऱ्यांना वाढ.

हे फक्त आमच्याच बाबतीत झालं असतं तर मी गप्प बसले असते. पण वाचायला लागल्यावर १९९३ चा एक अभ्यास सापडला, कॅनडातला, नॅन्सी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. वागण्याच्या किंवा भावनिक तक्रारींसाठी मानसिक आरोग्य सेवेकडे पाठवलेल्या मुलांची त्यांनी मुद्दाम भाषा तपासली, तर सुमारे एक तृतीयांश मुलांना भाषेची अडचण निघाली, जिच्याबद्दल तोवर कोणाला शंकाही आलेली नव्हती. म्हणजे माझ्या मुलाच्या बाबतीत जे निसटलं ते असंच निसटतं हे तुमच्या क्षेत्राला १९९३ पासून ठाऊक आहे. तरीही वागण्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलाची भाषा तपासणं हा अजून सगळीकडे नियम झालेला नाही, कोणाला सुचलं तर करतात.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार ही की मी काही नवीन मागत नाहीये. तुमच्यातल्याच मोठ्या लोकांनी हे सगळं मांडून ठेवलंय. थॉमस ॲकेनबाक यांनी १९७४ मध्येच डेव्हलपमेंटल सायकोपॅथॉलॉजी, म्हणजे वाढ आणि मानसिक बिघाड एकत्र बघणारी शाखा, या विषयावर पुस्तक लिहिलं. १९८४ मध्ये 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या जर्नलने त्यावर खास अंक काढला, डांटे चिकेटी त्याचे संपादक होते आणि ॲलन स्रूफ आणि मायकेल रटर यांनी त्यात या शाखेचं क्षेत्र कुठून कुठवर ते लिहिलं. १९८९ पासून तर त्याचं वेगळं जर्नलच निघतं. मुद्दा सरळ आहे, बिघाड समजायचा तर आधी वाढ समजली पाहिजे, आणि वाढ पूर्ण समजायची तर ती कुठे अडखळते, कुठे वाकडी वाट घेते हेही बघायला हवं. रटर स्वतः सायकियाट्रिस्ट होते आणि आयुष्यभर दोन्ही बाजूंना काम करत राहिले, म्हणजे एका माणसाला हे जमू शकतं. मग मला हे कळत नाही की एवढं सगळं मांडून झाल्यावर ते जर्नलमध्येच का राहिलं. बालविकास शिकणारी किती मुलंमुली कधी एखाद्या आजारी मुलाजवळ बसतात? बालमनोविकार शिकणारे किती डॉक्टर कधी काहीही तक्रार नसलेल्या चार वर्षांच्या मुलांमध्ये पूर्ण दिवस घालवतात? जो दिवसभर फक्त त्रासात असलेली मुलं बघतो त्याला चार वर्षांचं साधं मूल किती चंचल असतं याचा अंदाज कुठून येणार?

दुसरी तक्रार वयाच्या मापाची. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतंय असं मला वाटतं.

मुलाचं वजन बघायचं असेल तर डॉक्टरांकडे तक्ता असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये तो दिला, त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली साधारण साडेआठ हजार मुलं मोजली. कितव्या महिन्यात किती वजन, मुलगा असेल तर किती, मुलगी असेल तर किती, रेषा वर चाललीय की खाली हे कुठल्याही आईला बोटाने दाखवता येतं. आणि वागण्याचं काय? तिथे प्रश्नावलीत विचारतात, अमुक गोष्ट 'बऱ्याचदा' करतो का. बऱ्याचदा म्हणजे किती आणि कोणाच्या तुलनेत? सहा वर्षांच्या मुलाने बऱ्याचदा खुर्चीवरून उठणं आणि बारा वर्षांच्या मुलाने बऱ्याचदा उठणं ही एकच गोष्ट आहे का? एडीएचडीचे जे निकष अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम या निदानाच्या पुस्तकात आहेत त्यातच लिहिलंय की लक्षणं किमान सहा महिने टिकलेली हवीत आणि मुलाच्या विकासाच्या पातळीशी न जुळणारी हवीत. यातला सहा महिन्यांचा भाग सगळे काटेकोर विचारतात. विकासाच्या पातळीचा भाग मात्र अंदाजाने धरून पुढे जातात, तो मोजायला कोणी बसत नाही.

याचा परिणाम काय होतो तो आकड्यात दिसलेला आहे. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेत ज्या राज्यांत शाळाप्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यात लहान असतात आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेली सगळ्यात मोठी. लहान असलेल्यांत एडीएचडीचं निदान ३४ टक्क्यांनी जास्त निघालं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१२ मध्ये नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी बघितल्या, तिथे शाळाप्रवेशासाठी वयाची शेवटची तारीख ३१ डिसेंबर, तर जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांत निदान ३० टक्के जास्त आणि मुलींमध्ये ७० टक्के जास्त. जन्म कुठल्या महिन्यात झाला याने मेंदूचा आजार ठरत नाही. म्हणजे काही मुलांना फक्त वर्गात लहान असल्याबद्दल आजाराचं नाव मिळालं, काहींना औषधही सुरू झालं असणार. आणि उलटही बघा, जे मूल वर्गात वयाने मोठं आहे म्हणून जेमतेम निभावून नेतंय त्याची खरी अडचण कोणाच्या नजरेतच येत नसेल, त्याचा विचार कोण करतंय?

ज्यांनी साधी वाढ नीट मोजली त्यांच्यामुळे किती उलगडा झाला हेही सांगितलं पाहिजे. आपल्याला वाटतं मूल बाहेर जाऊन मारामारी शिकतं, वाईट संगतीने बिघडतं. रिचर्ड ट्रेंब्ले यांनी तीच मुलं वर्षानुवर्षं बघून दाखवलं की ढकलणं, चावणं, मारणं सगळ्यात जास्त दोन ते चार वर्षांच्या आसपास असतं आणि मग बहुतेक मुलं ते हळूहळू सोडायला शिकतात. म्हणजे प्रश्नच बदलला, हे मूल मारायला का शिकलं हे विचारण्याऐवजी याला न मारायला शिकता का येत नाहीये हे विचारायला लागतं, आणि त्यावरून उपायही वेगळे निघतात. तसंच लॉरेन वाक्सश्लाग यांच्या गटाने सुमारे दीड हजार लहान मुलांच्या पालकांना आकांडतांडवाबद्दल विचारलं. अधूनमधून लोळण घेणारी, किंचाळणारी मुलं ८० टक्क्यांहून जास्त निघाली. पण रोजच्या रोज तसं करणारी दहातल्या एकाहूनही कमी. किती साधी माहिती आहे ही! घाबरलेल्या आईला धीर द्यायचा की पुढे तपासायला सांगायचं हे ठरवायला एवढी एक गोष्ट उपयोगी पडते. अशी मापं झोपेची, भीतीची, हट्टाची, एकटं खेळण्याची, खोटं बोलण्याची का नाहीत, आणि असतील तर ती प्रत्येक दवाखान्यात का पोचलेली नाहीत?

तिसरी तक्रार, तुम्ही एका दिवसाच्या मुलाकडे बघून ठरवता. आजाराचं नाव त्या दिवशीच्या लक्षणांवरून दिलं जातं, मूल तिथवर कुठल्या रस्त्याने आलं आणि इथून कुठे चाललंय हे त्यात नसतं. चिकेटी आणि रोगॉश यांनी १९९६ मध्येच हे स्पष्ट लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या सुरुवातींवरून मुलं एकाच आजाराला येऊन पोचू शकतात, आणि एकाच सुरुवातीची मुलं वेगवेगळीकडे जाऊ शकतात. हे वाचून मला खूप आधार वाटला होता, खरं सांगते. पण हे ज्ञान निदानाच्या खोलीत येतच नाही.

न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेली १०३७ मुलं संशोधक आजपर्यंत बघत आलेत. पंचेचाळिसाव्या वर्षीही हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक तपासणीला आले. त्यातून कळलं की सव्विसाव्या वर्षी ज्यांना मानसिक आजार होता त्यांच्यातल्या निम्म्यांना पंधराव्या वर्षाच्या आतच कुठलं ना कुठलं निदान बसत होतं, आणि तीन चतुर्थांशांना अठराच्या आत. आणि हेही कळलं की माणसं एका आजाराच्या खान्यात बसून राहत नाहीत, लहानपणी एक, तरुणपणी दुसरं, पुढे तिसरं असं होत जातं. अमेरिकेतल्या २००५ च्या मोठ्या पाहणीतही रोनाल्ड केसलर यांना हेच दिसलं होतं, आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत होते. मोठ्यांच्या आजाराची मुळं लहानपणात आहेत हे एवढं पक्कं माहीत असताना लहानपणाचा अभ्यास करणारे आणि आजाराचा अभ्यास करणारे एका टेबलावर का बसत नाहीत?

रोमानियातल्या मुलांचा अभ्यास वाचताना तर मी कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. १९८९ मध्ये तिथली राजवट कोसळल्यावर अनाथालयांतून मुलं बाहेर आली, त्यातल्या ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांना रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं होईपर्यंत बघितलं. जी मुलं सहा महिन्यांची व्हायच्या आत तिथून सुटली ती पुढे ब्रिटनमधल्याच दत्तक मुलांसारखी वाढली. जी त्याहून जास्त काळ राहिली त्यांच्यात लक्ष न लागणं, ऑटिझमसारखी (स्वमग्नतेची) लक्षणं, परक्या माणसाशी चटकन सलगी करणं हे मोठेपणापर्यंत टिकलेलं दिसलं. बुद्धीच्या चाचणीत मागे असलेल्या त्यातल्या बऱ्याचशा मुलांची कसर पुढे भरून निघाली, पण चिंता आणि उदासी मात्र किशोरवयाच्या शेवटी आणि त्यानंतर वाढली. म्हणजे याच मुलांना फक्त सहाव्या वर्षी बघितलं असतं तर बुद्धीबद्दल निराश व्हायला लागलं असतं आणि मनाबद्दल निर्धास्त, आणि दोन्ही चुकलं असतं. आणि इतका काळ तिथे काढूनही साधारण पाचातलं एक मूल असं होतं ज्याला यातला कुठलाच त्रास झाला नाही. का झाला नाही? हा प्रश्न एकट्या सायकियाट्रिस्टने सोडवण्यासारखा नाही आणि एकट्या बालविकासवाल्यांनीही नाही.

मागे वळून गोष्ट रचली की काय होतं हे आयांनी भोगलेलं आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला नाव दिलं, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं आई थंड असते म्हणून मूल असं होतं हे ठामपणे सांगितलं गेलं. मूल मोठं झाल्यावर, निदान झाल्यावर, आईकडे बघून काढलेला निष्कर्ष होता तो. पहिल्या महिन्यांपासून त्या बाळांना कोणी बघितलंच नव्हतं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या बघून अनुवंशाचा हात दाखवला. आणि २०१३ मध्ये वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी दोन महिन्यांच्या वयापासून बाळांची नजर मोजली तेव्हा दिसलं की ज्यांना पुढे ऑटिझमचं निदान झालं ती बाळं दोन महिन्यांची असताना समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघत होती, ते बघणं दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान कमी होत गेलं. अभ्यास लहान होता, पण वाढ पुढे पुढे बघत गेलं की काय हाती लागतं ते त्यात दिसतं. अगदी लहान बाळांची नजर मोजायची रीत बालविकासवाल्यांनी घडवलेली आहे आणि प्रश्न आजाराचा. दोन्ही एकत्र आले म्हणूनच हे शक्य झालं. किती आयांनी विनाकारण स्वतःला दोष देत आयुष्य काढलं असेल, याची जबाबदारी म्हणून तरी हे काम पुढे न्या.

चौथी तक्रार थोडक्यात. तुमच्या बऱ्याच अभ्यासांच्या सुरुवातीला एक ओळ असते, कोणाला वगळलं त्याची. वाढीच्या अभ्यासातून निदान झालेली मुलं वगळतात, कारण ती 'सामान्य' नाहीत. आजाराच्या अभ्यासातून दोन-तीन अडचणी एकत्र असलेली मुलं वगळतात, कारण त्यांचा हिशोब नीट लागत नाही. भाषा, लक्ष आणि भीती तिन्हीत थोडं थोडं अडलेलं माझं मूल मग कुठल्या अभ्यासात आहे? दोन्हीकडून वगळलेलं मूल सिद्ध झालेल्या उपचाराच्या यादीत कुठून येणार? यात देशांचंही वगळणं आहेच, जे काही माहीत आहे ते बहुतांश मोजक्या श्रीमंत देशांतल्या मुलांवरून माहीत आहे आणि जगातली बहुतेक मुलं तिथे राहत नाहीत.

पाचवी, जी मुलं निभावून नेतात त्यांच्याकडे बघायला कोणालाच वेळ नाही. एमी वर्नर यांनी हवाई बेटांतल्या कवाईवर १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं कित्येक दशकं बघितली. गरिबी, घरात भांडणं, आईवडिलांचे आजार असं अनेक बाजूंनी ओझं असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, भरवशाची, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेकदा निदान एक तरी मोठं माणूस असं होतं जे त्यांच्या पाठीशी राहिलं. दवाखान्यात बसून ही मुलं कधीच दिसणार नाहीत कारण ती तिथे येत नाहीत.

आता यावर तुम्ही काय म्हणाल त्याचाही विचार केलाय. काही डॉक्टर म्हणतात की विकासाच्या नजरेने बघायचं म्हणजे "मोठा झाला की होईल ठीक" असं सांगून घरी पाठवायचं, आणि त्यात मुलांची मोलाची वर्षं जातात. ही भीती अगदी खरी आहे, कितीतरी आयांना असं सांगून परत पाठवलेलं आहे. पण मी त्याच्या बरोबर उलट मागतेय. वाढ नीट माहीत असली की कधी थांबायचं आणि कधी एक दिवसही थांबायचं नाही हे सांगता येतं. रोमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अनाथालयातली १३६ मुलं घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली आणि एका गटाला प्रेमाने सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवलं. दोन वर्षांची व्हायच्या आत घरात आलेल्या मुलांची बुद्धी आणि माया लावण्याची क्षमता उशिरा आलेल्यांपेक्षा चांगली वाढली. कुठल्या गोष्टीला किती घाई करायची हे वाढीच्या अभ्यासानेच सांगितलं ना? तसंच फिलिप शॉ यांनी २००७ मध्ये एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूच्या स्कॅनवरून दाखवलं की मेंदूच्या बाहेरच्या थराचा निम्मा भाग जाडीच्या शिखराला पोचायचं वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षं तर एडीएचडीमध्ये साडेदहा, पण कुठला भाग आधी आणि कुठला नंतर हा क्रम बराचसा सारखाच. ज्या आईला हे कळतं ती मुलाला सुधारत नाही म्हणून मारत नाही आणि मदतही थांबवत नाही, तिला कळतं की आणखी काही वर्षं हात धरून चालायचंय.

दुसरं उत्तर असं येतं की निदानाचं नाव मिळाल्याशिवाय मदत मिळत नाही, म्हणून पटकन नाव द्यावं लागतं. मान्य आहे, आम्हालाही नाव मिळालं म्हणूनच शाळेने ऐकलं. पण ही अट मुलांनी घातलेली नाही, तुमच्याच समित्यांनी मान्य केलेली आहे आणि ती बदलायची ताकदही तुमच्याकडेच आहे.

म्हणून माझ्या मागण्या.

वागण्याची किंवा भावनांची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाची भाषा आणि समज तपासल्याशिवाय निदान लिहू नका. जन्मतारीख आणि वर्गातलं वय निदानाच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहा आणि शाळेकडून आलेली तक्रार वाचताना ते समोर ठेवा. शिक्षक आणि पालक दोघांकडूनही माहिती घ्या, रटर यांच्या साठच्या दशकातल्या ब्रिटनमधल्या आयल ऑफ वाइट बेटावरच्या पाहणीतच दिसलं होतं की पालकांनी निवडलेली मुलं आणि शिक्षकांनी निवडलेली मुलं फार थोडी सारखी होती, त्यामुळे एकाच्याच शब्दावर ठरवू नका.

निदानाला पुन्हा बघायची तारीख जोडा. आज सहाव्या वर्षी जे लिहिलंय ते नवव्या वर्षी कोणीतरी नव्याने तपासायला हवं, आणि ते पालकांनी मागून मिळता कामा नये, आपोआप व्हायला हवं.

वयाची मर्यादा संपली म्हणून विकासाची फाइल बंद करू नका, पुढच्या विभागाच्या हातात द्या आणि घेणाऱ्याने ती वाचली अशी सही घ्या. पालकांना प्रत द्या, न मागता.

प्रशिक्षणाबद्दल. बालमनोविकार शिकणाऱ्या प्रत्येकाने काही महिने साध्या मुलांमध्ये, पाळणाघरात, बालवाडीत, खेळाच्या मैदानावर घालवावेत, नुसतं व्याख्यान नको. बालविकासात संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने काही महिने क्लिनिकमध्ये बसावं. परीक्षेत त्याला मार्क ठेवा, नाहीतर कोणी करणार नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

निधी देणाऱ्यांना, दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात मूल मोठं होत नाही. तीच मुलं दहा-वीस वर्षं बघणाऱ्या अभ्यासांना खात्रीचा पैसा द्या, श्रीमंत देशांच्या बाहेरही द्या, आणि अर्जात दोन्ही बाजूंची माणसं असतील तर त्यांना प्राधान्य द्या. ज्या अभ्यासात एकाहून जास्त अडचणी असलेली मुलं वगळलीत त्यांना कारण लिहायला लावा.

आणि शेवटची, वजनाच्या तक्त्यासारखा वागण्याचा आणि भावनांचा तक्ता बनवा, अनेक देशांतली, अनेक भाषांतली मुलं मोजून, सगळ्यांना फुकट वापरता येईल असा. अवघड आहे हे समजतं, वागणं वजनासारखं काट्यावर ठेवता येत नाही आणि घराघरात चांगल्या वागण्याची अपेक्षाही वेगळी असते. पण आत्ता प्रत्येक डॉक्टर, प्रत्येक शिक्षक आपल्या डोक्यातला एक अदृश्य तक्ता वापरतोच आहे, जो कोणी तपासलेला नाही. त्यापेक्षा उघड्यावर असलेला, सुधारता येणारा, अपुरा तक्ता कितीतरी बरा.

यातली कुठली मागणी लगेच करता येईल, कुठल्या मागणीला किती वर्षं लागतील आणि कुठली तुम्हाला पटत नाही हे मला सांगा. पटत नसेल तर कारणासकट सांगा, मी वाचेन आणि समजून घेईन. फक्त उत्तर एकाच कागदावर द्या, दोन्ही बाजूंनी मिळून, आणि ते सगळ्या पालकांना वाचता येईल असं उघड द्या.

आपली,
एका मुलाची आई